वाटाण्याएवढा खडा

मी नालबंद. म्हणजे होतो. दुकानावरची पाटी अजून तीच आहे, पण तिच्याखाली बसून मी आता लोकांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडून देतो. मध्येच एखादा येतो आणि विचारतो, नालबंद म्हणजे काय हो? तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, घोड्याच्या खुराला नाल ठोकतो तो नालबंद. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तुमचा बाप जन्मला तेव्हा तुमच्या आजीला दवाखान्यात कुणी नेलं, तेही विचारा.

पण मला माझं रडगाणं गायचं नाही. भिंगरीचं सांगायचं आहे. आणि ते सांगताना मला एका जागी बसवत नाही, तेव्हा मध्येच उठून येरझाऱ्या घालायला लागलो तर चालवून घ्या.

भिंगरी घोडागाडी चालवायचा. खरं नाव नगरपालिकेच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून भिंगरी. हा जेवायचा उभ्याने. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर घोडी बघून यायचा, आणि न्हावी वस्तरा हातात धरून छताकडे बघत बसायचा. तोंडात एकच शब्द, ‘आलोच’. निघतानाही आलोच, पोचल्यावरही आलोच. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणायच्या की भावजी, तीस वर्षं संसार केला, पण हा माणूस घरात आहे की बाहेर ते मला अजून छातीठोक सांगता येत नाही.

एकाच ठिकाणी तो स्वस्थ असायचा. गाडीच्या पुढच्या फळीवर, हातात लगाम घेऊन. तिथे त्याचा पाय हलायचा नाही की मान वळायची नाही. खाली घोडी चालत असायची ना, तेवढं त्याला पुरायचं.

घोडी तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नाव मास्तरीण. नाव उगाच पडलं नव्हतं. रस्त्यात कुणी आडवं आलं की थांबायची आणि असं रोखून बघायची की चांगला ढेरपोट्या माणूससुद्धा टुणकन फुटपाथवर चढायचा. गाडीत चारजण बसले तर निघायची. पाचवं चढलं की गप्प उभी. मग भिंगरी हाका मारो, गयावया करो, एकाला उतरावंच लागायचं. चाबूक होता त्याच्याकडे, पण तो हातात काहीतरी असावं म्हणून. बारा वर्षं मी तिच्या पायांना नाल ठोकले, दर दीड महिन्याने. माझ्या मांडीवर खूर ठेवून ती डुलकी काढायची. माझ्या बायकोचा नसेल एवढा त्या जनावराचा माझ्यावर विश्वास होता.

तेव्हा अड्ड्यावर गाड्या उरल्या होत्या तीन. माझ्या तरुणपणी चाळीस असायच्या, एकामागे एक, आणि पहिल्या गाडीचा नंबर सोडून दुसरीत गिऱ्हाईक बसलं तर हाणामारी व्हायची. मग रिक्षा आल्या, बस वाढल्या. दगडी रस्त्यावर डांबर पडलं, मग डांबरावर अजून काहीतरी गुळगुळीत पडलं, आणि घोडी घसरायला लागली. मी नालांना जाड डोक्याचे खिळे मारून देऊ लागलो. अड्ड्यावरच्या पाण्याच्या दगडी हौदात नगरपालिकेने माती भरली आणि फुलझाडं लावली. घोड्यांनी ती दोनदा खाल्ली. मग झाडांभोवती तार लावली आणि गाडीवाल्यांनी घरून बादल्या आणायला सुरुवात केली. भिंगरी म्हणायचा, बरं झालं, तेवढ्याच चार फेऱ्या जास्त.

आणि नियम असा झाला की गाडी चालवायच्या परवान्याचा नवा बिल्ला कुणाला द्यायचा नाही. ज्याच्याकडे आहे त्याने दरवर्षी घोडा तपासून घ्यायचा. पास झाला तर वर्षभराचा पितळी बिल्ला. नापास झाला तर बिल्ला गेला तो गेला. तपासायला नगरपालिकेचा जनावरांचा म्हातारा डॉक्टर होता, तो तर नापास करायला टपलेलाच असायचा. घोडा फाटकातून आत येताना बघायचा आणि तिथूनच ओरडायचा, घेऊन जा हे हाडूक. दहा वर्षांत त्याने पंधरा गाड्या घरी बसवल्या. त्या वर्षी तो निवृत्त झाला आणि एक नवी डॉक्टरीणबाई आली. ती कशी आहे, कुणालाच माहीत नव्हतं. पण तपासणीचा धसका बसला होता, तो काही डॉक्टर बदलला म्हणून जात नाही.

तपासणीला पंधरा दिवस राहिले आणि मास्तरीण लंगडायला लागली.

पुढचा डावा पाय. भिंगरी तिला घेऊन आला तेव्हा मी लांबूनच ओळखलं. घोड्याला बोलता येत नाही, पण तो मानेने सांगतो. दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर उडते, चांगल्या पायावर आली की खाली जाते. ती मान बघूनच आमचा धंदा चालतो. मी नाल काढला, खूर दाबून बघितला. खुरात काही नव्हतं. वर पोटरीची शीर गरम लागत होती. ताण बसला होता. गार पाणी आणि विश्रांती, दुसरं औषध नाही. मी म्हटलं, दोन-अडीच महिने गाडीला जुंपू नकोस. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी एखादी शिवी दिली असावी.

पंधरा दिवस त्याने तिला जुंपलं नाही. आणि जुंपलं नाही म्हणजे स्वतःला जुंपलं. घर ते तबेला, तबेला ते माझं दुकान, दुकान ते अड्डा. अड्ड्यावर रिकाम्या हाताने उभा राहायचा आणि रिक्षावाल्यांशी भांडण उकरून काढायचा. त्याची मुलगी एका मोठ्या इमारतीत कामाला होती, तिने तिथे त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. खुर्ची, पंखा, बारा तास बसायचं. बदली म्हणून एक दिवस गेलाही होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने इमारतीला एवढ्या फेऱ्या मारल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने तक्रार केली, हा माणूस बघून मला गरगरतं. आम्ही हसलो. तो हसला नाही. त्या खुर्चीला तो खरंच घाबरत होता.

तपासणीच्या दोन दिवस आधी तो आला, दुकानात तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “उजव्या पायात खडा घाल.”

हे काय ते सांगतो. डावा पाय दुखतोय ना, मग चांगल्या उजव्या पायाचा नाल काढायचा, नाल आणि खूर यांच्यामध्ये एक वाटाण्याएवढा खडा ठेवायचा आणि नाल परत ठोकायचा. मग तोही पाय दुखतो. दोन्ही सारखे दुखले की मान कुठल्याच पायावर उडत नाही. घोडा जरा आखूड पावलं टाकतो, पण सरळ चालतो. घोड्याच्या बाजारातले भामटे असं करून लंगडे घोडे खपवायचे. वडिलांनी मला हे लहानपणी दाखवलं होतं, ओळखता यावं म्हणून. करायला नाही.

मी त्याला नाही नाही ते बोललो. म्हटलं, बारा वर्षं जिचं खातोस तिच्या पायात काटा भरतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, तपासणी झाली की सरळ तुझ्याकडे आणतो, तू खडा काढ, मग अडीच काय तीन महिने उभी ठेवतो तिला. पण बिल्ला गेला तर ती कायमचीच उभी राहील, आणि उभ्या घोड्याला कोण पोसतं? मी हातोडा उचलला तेव्हा तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्यांना खड्याचं काही माहीत नव्हतं. एवढंच म्हणाल्या की भावजी, काहीही करा पण घोडीला पास करा. हा माणूस आठ दिवस झोपला नाही, फिरतोय नुसता. खुर्चीवर बसवलं तर मरेल तो. बोलता बोलता त्यांनी माझ्या दुकानातली पक्कड उचलून उगाच इकडची तिकडे ठेवली. आयुष्यभर एका अस्वस्थ माणसाबरोबर राहून त्यांनाही ती खोड लागली होती. मला गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की गाड्या तिनाच्या दोन झाल्या तर मी तरी कशाचा नालबंद? तेही होतं. लपवत नाही.

तपासणीच्या सकाळी मी दुकानासमोरच्या खडीच्या ढिगातून एक गुळगुळीत खडा निवडला. मास्तरिणीने नेहमीसारखा खूर माझ्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

मी भिंगरीला दोनदा बजावलं की तिथून सरळ इकडे यायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. गाडी ओढत जाणं ठीक आहे, पण एकही फेरी मारायची नाही. तो म्हणाला, आलोच.

दहाची तपासणी. साडेदहाला मी पक्कड, हातोडा, कानस मांडून बसलो. अकरा झाले. तेव्हा खिशात फोन नसायचे. साडेअकराला शेजारचा शिंपी सांगत आला की आज गंमतच आहे, रिक्षा आणि बस दोघांचाही संप, लोक घोडागाड्यांच्या मागे धावतायत. दुकान उघडं टाकून मी निघालो.

नगरपालिकेत कळलं की घोडी पास झाली, नवा बिल्ला घेऊन तो केव्हाच गेला. अड्ड्यावर गेलो तर तिथे ही गर्दी. दोन गाड्या आणि शंभर माणसं. कारकून, बायका, पेट्या, पोरंबाळं. ज्यांनी दहा वर्षं घोडागाडीला वाट दिली नाही ते आज रांग लावून उभे. तिथला एक गाडीवान म्हणाला, भिंगरी आत्ताच दवाखान्याकडे गेला, एक अवघडलेली बाई होती. दवाखान्यात पोचलो, तर तिथून तो स्टेशनकडे गेला होता. स्टेशनवर म्हणाले, बाजाराकडे. मी त्याच्या मागे धावतोय आणि तो दर वेळी एक गल्ली पुढे. ऊन डोक्यावर आलं, घशाला कोरड पडली, आणि ज्याला विचारावं तो हसून सांगत होता की आज तुमच्या दोस्ताची चंगळ आहे.

बाजाराच्या चौकात तो दिसला. रस्त्याच्या पलीकडे. गाडीत चार माणसं, छातीवर नवा बिल्ला, पाठ ताठ. मला बघून त्याने चाबूक वर केला आणि ओरडला, “आलोच!” मी हात हलवले, थांब म्हणून ओरडलो, पण मध्ये हातगाड्यांची गर्दी होती आणि लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मी घोडीकडे बघितलं. मान एकदम स्थिर. पावलं सारखी. आता ऐका, हे मला आयुष्यभर पुरणार आहे. त्या क्षणी माझ्या मनात आलं, काय काम केलंय मी. मला अभिमान वाटला.

दिवेलागणीला तो आला. गाडी अड्ड्यावरच सोडली होती. घोडीला हाताने चालवत आणत होता, आणि ती तीन पायांवर येत होती. उजवा पाय वर धरलेला. भिंगरीचा चेहरा असा झाला होता की मी दिवसभर जमवलेल्या शिव्या तशाच गिळल्या.

नाल काढला. खडा खुरात रुतून बसला होता, पकडीने ओढून काढावा लागला. मागून काळं रक्त आलं. मास्तरिणीने या वेळी डोळे मिटले नाहीत.

तो सारखं तेच तेच सांगत होता. पहिली फेरी त्या बाईची होती, तिला नाही कसं म्हणणार? मग दवाखान्यासमोर एक म्हातारा उभा होता. मग एक मास्तर, परीक्षेला उशीर होत होता. पाचवं माणूस बसवलं नाही, शपथ. सारखी तिच्या मानेकडे बघत होतो रे, म्हणाला, मान हललीच नाही. मला वाटलं, बरी झाली.

आम्ही डॉक्टरिणीच्या डोळ्यांत धूळ फेकायला गेलो होतो. ती धूळ तिला फसवायला पुरली, मला पुरली आणि ज्याला फसवायचंच नव्हतं त्यालाही पुरली.

आठ दिवस तो तबेल्यातून हलला नाही. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, भिजवलेल्या गरम कोंड्याचं पोटीस खुराला बांधायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा बांधायचा. मी दिवसातून चारदा जायचो. खुरात पू झाला, वरपर्यंत सूज चढली. डॉक्टरीणबाईंना बोलावू म्हटलं की तो एकच म्हणायचा, बिल्ला काढून घेतील. नवव्या दिवशी घोडी आडवी झाली तेव्हा मीच जाऊन त्यांना घेऊन आलो.

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ बघितलं. मग हाताला लागलेला पू पुसत म्हणाल्या की हाडापर्यंत गेलंय, आता हिला सोडवणंच बरं. खुरातल्या भोकाकडे बघून विचारलं, हे कशाने झालं? मी तोंड उघडणार तोच भिंगरी म्हणाला, “रस्त्यातला खडा लागला असेल, मॅडम.” माझ्याकडे बघितलंही नाही. मी गप्प बसलो. हो, बसलो.

बाईंनी डावा पायही चाचपून बघितला आणि त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, “ही शीर तर महिन्याभराची जुनी आहे. तपासणीला लंगडत का नाही आणलीत? मी तीन महिन्यांची विश्रांती लिहून दिली असती. तोवर बिल्ला राखून ठेवता येतो, नियमातच आहे ते.”

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरने तो नियम दहा वर्षांत एकदाही वापरला नसेल.

भिंगरीने मास्तरिणीचं डोकं मांडीवर घेतलं. बाईंनी सुई दिली. घोडी गेली तरी तो तसाच बसून राहिला, पाय आखडले तरी, संध्याकाळ झाली तरी. वहिनींनी तीनदा हाका मारल्या. गाडीची फळी सोडली तर त्या माणसाला एवढा वेळ एका जागी बसलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

बिल्ला वर्षभर चालणार होता. बाई म्हणाल्या, दुसरा घोडा आणा, मी तपासते. त्याने आणला नाही. गाडी एका हॉटेलवाल्याने दारात शोभेला ठेवली, तिच्यात आता कुंड्या आहेत.

तो मुलीच्या त्या इमारतीच्या फाटकापाशी खुर्चीवर बसतो. फाटक माझ्याच दुकानातलं. सकाळी आठ ते रात्री आठ. तिसऱ्या मजल्यावरची तीच बाई आता सगळ्यांना सांगते की इतका शांत वॉचमन आम्हाला कधी मिळाला नव्हता. जेवणही बसून जेवतो. वहिनी म्हणतात, आता हा घरात असतो ते कळतं, आणि डोळ्यांना पदर लावतात.

परवा त्या फाटकाची बिजागरी कुरकुरते म्हणून तेल घालायला गेलो होतो. काम झालं. त्याने शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि बस म्हणाला. मी उभाच राहिलो, पक्कड या हातातून त्या हातात करत. मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला,

“पंधरा दिवस मान उडवून सांगत होती ती मला. त्या दिवशीही पहिल्याच फेरीत सांगितलं असतं.”

मी बिजागरीला पुन्हा एकदा तेल घातलं.

“मी थांबलो असतो रे,” तो म्हणाला. “माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण तिच्यासाठी मी थांबलो असतो.”

मी म्हटलं, दुकान उघडं टाकून आलोय, जायला हवं. आणि निघताना तोंडातून निघून गेलं, “आलोच.” त्याने मान वर करून बघितलं. मी भराभर चालायला लागलो. दुकानात काही काम नव्हतं. बाजाराच्या चौकापर्यंत गेलो, तिथून परत फिरलो, दुकानाच्या दारापर्यंत आलो आणि आत न जाता पुन्हा चौकाकडे वळलो.